मायक्रोफोन कोठें ठेवावा?

हल्लीं ध्वनिमुद्रणाचें साधन ज्या घरीं नाहीं असें घर शोधूनच काढावें लागेल. खिशांतला मोबाइल फोन हेंच तें साधन होय. आजोबांचें भजन, धाकट्या भावाचें पाठांतर, स्नेहसंमेलनांतील नाट्यगीत, सारें कांहीं त्यांत सांठविलें जातें. पण महिन्या-दोन महिन्यांनीं तें ऐकावयास बसावें, तों पदरीं निराशा येते. आजोबांचा आवाज विहिरींतून आल्यासारखा वाटतो. छताचा पंखा मात्र अगदीं स्पष्ट ऐकूं येतो. मग दोष यंत्राच्या माथीं मारला जातो व अधिक किंमतीचें यंत्र घेण्याची भाषा घरांत सुरू होते. आमच्या मतें बहुतेक वेळां दोष यंत्राचा नसून, तें ज्या जागीं ठेविलें त्या जागेचा असतो. भारी मायक्रोफोन भलत्या ठिकाणीं ठेवण्यापेक्षां साधा मायक्रोफोन योग्य ठिकाणीं ठेवणें केव्हांही बरें. ही योग्य जागा कशी शोधावी, तिचे प्रकार कोणते, आणि प्रत्येक प्रकारापासून लाभ काय व तोटा काय, याचा विचार येथें करावयाचा आहे. नवें यंत्र पुढल्या वर्षीं घेतां येईल. आजोबांचें भजन पुढल्या वर्षीं मिळेलच असें नाहीं, म्हणून हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

आरंभींच एक प्रश्न उभा राहतो. पंखा तर आपणही ऐकत होतों. मग त्या वेळीं तो आपणांस कां खटकला नाहीं? याचें उत्तर असें कीं, आपण केवळ कानांनीं ऐकत नाहीं. दोन कानांवर पडणाऱ्या ध्वनींतील सूक्ष्म फरकांवरून मेंदू प्रत्येक आवाजाची दिशा ठरवितो, हवा तो आवाज पुढें घेतो आणि नको तो मागें सारतो. मधल्या सुट्टींत वर्गांत चाळीस मुलें एकदम बोलत असलीं तरी शेजारच्या मित्राचें बोलणें आपणांस समजतें, तें याच शक्तीमुळें. मायक्रोफोनला ही निवड करतां येत नाहीं. त्याचा पडदा हवेच्या दाबाप्रमाणें हलतो, इतकेंच. त्याला आवड नाहीं, नावड नाहीं, वडिलधाऱ्यांची भीड नाहीं. तेव्हां जी निवड एरव्हीं आपला मेंदू करतो, ती ध्वनिमुद्रण करणारानें जागेच्या योजनेनें अगोदरच करून ठेविली पाहिजे.

हें कसें साधतें तें समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खोलींत गाणाऱ्या माणसाचा आवाज मायक्रोफोनकडे दोन वाटांनीं येतो. एक वाट सरळ, तोंडापासून मायक्रोफोनपर्यंत. दुसरी आडवळणाची: भिंत, फरशी, छत, कपाट यांवर आपटून, पुनःपुन्हां उलटून, उशिरां पोहोंचणारी. सरळ आवाज अंतराबरोबर झपाट्यानें क्षीण होतो. अंतर दुप्पट झालें कीं त्याचा दाब निम्मा होतो, म्हणजे शास्त्रीय भाषेंत तो सहा डेसिबलनें उतरतो. उलटून येणारा आवाज मात्र खोलीभर बहुतेक सारखाच पसरलेला असतो. यामुळें मायक्रोफोन जवळ नेला तर सरळ आवाजाचें पारडें जड होतें. दूर नेला तर खोलीचें. आजोबांपासून तीन मीटरांवर, खिडकींत ठेविलेला फोन आजोबांपेक्षां खोलीच अधिक ऐकत होता. गाणारा आणि खोली यांचें प्रमाण ठरविणें ही या कलेंतील पहिली, आणि आम्हांस विचाराल तर सर्वांत मोठी, गोष्ट होय.

ही कला मायक्रोफोनहूनही जुनी आहे. विजेच्या साह्यानें तबकड्या मुद्रित करण्याची रीत १९२५ सालीं रूढ होऊं लागली. त्यापूर्वीं गाणारासमोर एक मोठा कर्णा असे; त्याच्या निमुळत्या टोकास पातळ पडदा व सुई; आवाजाच्या नुसत्या जोरानें ती सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरी. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैस्बर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजानच्या तबकड्या घेतल्या, त्या याच रीतीनें. गाणारानें कर्ण्याच्या अगदीं तोंडाशीं यावें, जोराचा स्वर लावतांना मागें सरावें, असा प्रघात होता. पाश्चात्य वाद्यवृंदांत पितळी वाद्यें दूर मागें बसवीत. व्हायोलिनचा नाजूक आवाज पुरेना, म्हणून लांकडी पेटीच्या जागीं पडदा व धातूचा कर्णा बसविलेलें स्ट्रोहचें व्हायोलिन वापरीत. बटण फिरवून आवाज कमीजास्त करण्याची सोय नव्हती. कोण किती दूर, एवढ्यावरच सारा तोल.

बोलपट आले तेव्हां निराळीच अडचण उपस्थित झाली. आर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा आपल्या देशांतील पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत दाखविण्यांत आला. त्या वेळीं पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटानें जें बोलावें वा गावें तें चित्र घेतां घेतांच मुद्रित व्हावयाचें. मायक्रोफोन जवळ तर हवा, पण तो चित्रांत दिसतां कामा नये; म्हणून तो नटांच्या आसपास कोठें तरी लपवून ठेवावा लागे. त्यांतच चित्रणाची जागा रेल्वेच्या रुळांनजीक! गाड्यांची ये-जा थांबल्यावर, मध्यरात्र उलटल्यानंतर बरेंचसें काम उरकावें लागलें. मायक्रोफोन हवा तितका जवळ नेतां येत नसेल तर गोंगाट दूर करावा, आणि गोंगाट दूर होत नसेल तर वेळ बदलावी. ही युक्ति घरच्या मुद्रणासही तशीच लागू आहे. पहांटेस रस्ता शांत असतो व पंख्याचीही गरज कमी भासते.

अंतराचा उपयोग दोष टाळण्यापुरताच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटांतील सर्वांस ठाऊक असलेल्या गीताची हकीकत लता मंगेशकर यांनीं स्वतः सांगितलेली आहे. गीताच्या आरंभीं गाणारी दुरून जवळ येत आहे असा भास हवा होता. तेव्हां मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागीं ठेवला व लताबाई कोंपऱ्यांतून गात गात, एकेक पाऊल टाकीत त्याच्याकडे आल्या. दूर असतां खोली अधिक, जवळ येतांच गळा अधिक. वर सांगितलेलें प्रमाणच तेथें डोळ्यांपुढें माणूस उभा करतें. खेमचंद प्रकाश यांच्यासारख्या संगीतकारांच्या हातीं आजचीं कृत्रिम प्रतिध्वनीचीं यंत्रें नव्हतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या युक्तीचें अधिकच कौतुक वाटतें.

आतां अगदीं जवळच्या जागेचे गुणदोष पाहूं. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असला तर शब्द स्वच्छ येतो, श्वासही ऐकूं येतो, आणि शेजारघरचा कुकर किंवा रस्त्यावरची मोटार मागें पडते. बातम्या, कथाकथन, पाठांतर यांस हीच जागा योग्य. पण जवळीकीची किंमतही द्यावी लागते. प, फ, भ हीं अक्षरें उच्चारतांना तोंडांतून वाऱ्याचा झोत सुटतो. तो सरळ पडद्यावर आदळला तर ‘धप्’ असा आवाज उठतो. यास्तव मायक्रोफोन तोंडाच्या अगदीं समोर न ठेवतां किंचित् बाजूस, पण तोंडाकडे रोंखलेला ठेवावा. आवाज चोहोंकडे पसरतो. वाऱ्याचा झोत मात्र नाकासमोरच जातो. दुसरी किंमत अशी कीं, जवळ असतां मानेची लहानशी हालचालही मोठी होते. दहा सेंटिमीटरांवरून गाणारा वीसवर गेला कीं आवाज सहा डेसिबलनें उतरला. तोच एक मीटरवरून दहा सेंटिमीटर मागें सरला तर एक डेसिबलही फरक पडत नाहीं. आपल्या गायकांना मान डोलविल्याशिवाय गातां येत नाहीं, आणि तसें त्यांस सांगूंही नये. म्हणून ख्यालगायनास वीतभर अंतर आम्हांस फार कमी वाटतें. हातभर तरी असावें.

मायक्रोफोनच्या जातीही दोन-तीन आहेत. एक जात सर्व दिशांनीं सारखेंच ऐकते. फोनमधील मायक्रोफोन बहुधा या जातीचा असतो. दुसरी समोरचें ऐकते, बाजूचें कमी ऐकते व पाठीकडे जवळजवळ बहिरी असते. तिच्या ऐकण्याची आकृति कागदावर काढली तर ती बदामासारखी, हृदयाकृति दिसते. सभेंत वक्त्यापुढें असतो तो साधारणतः याच जातीचा. खोलीचा घुमारा हिला कमी ऐकूं येत असल्यामुळें, सर्वदिशी मायक्रोफोन जेथें ठेवावा लागेल त्याच्या सुमारें पावणेदोनपट अंतरावर ही ठेवली तरी सरळ आवाजाचें व घुमाऱ्याचें प्रमाण तेंच राहतें. शिवाय नको तो आवाज तिच्या पाठीकडे येईल अशी बैठक मांडतां येते. हा मोठा लाभ. पण हिला जवळ आणावें तसतसा खर्ज फुगत जातो व पातळ आवाजाचा गायकही घोगरा वाटूं लागतो. सर्वदिशी जातींत हा दोष नाहीं. कांहीं निवेदक या फुगलेल्या खर्जाचा मुद्दाम उपयोग करून घेतात. त्यांचा आवाज प्रत्यक्षांत ऐकिल्यावर आपणांस जें आश्चर्य वाटतें त्याचें कारण हेंच. तिसरी जात पुढचें व मागचें सारखें ऐकते आणि दोन्ही बाजूंस पूर्ण बहिरी असते. तिची आकृति इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी. तिची कथा पुढें येणार आहे.

येथवर एकच मायक्रोफोन होता तोंवर हिशेब सोपा होता. दुसरा आला कीं खरी गुंतागुंत सुरू होते, आणि आमच्या समजुतीप्रमाणें सार्वजनिक समारंभांतील अर्धें दुःख येथेंच उगम पावतें. गाणारापुढें एक, पेटीपुढें एक, तबल्यापुढें दोन, तंबोऱ्यापुढें एक, अशी मायक्रोफोनांची जत्रा भरविली म्हणजे मुद्रण उत्तम होईल असा समज आहे. पण गाणाराचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनांत थांबत नाहीं. तो पेटीच्या मायक्रोफोनांतही जातो, फक्त थोड्या उशिरानें. २० अंश सेल्सिअस उष्णमानाच्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत सुमारें ३४ सेंटिमीटर. समजा, गाणाराच्या तोंडापासून एक मायक्रोफोन ३० सेंटिमीटरांवर व दुसरा ६४ सेंटिमीटरांवर आहे. दुसऱ्यांत तोच आवाज एक हजारांश सेकंद मागाहून पोहोंचेल. आतां सेकंदास ५०० कंपनें असलेला स्वर घ्या. एवढ्या वेळांत त्याचें अर्धें कंपन होतें. म्हणून पहिल्या मायक्रोफोनांत जेव्हां लाटेचा माथा असतो तेव्हां दुसऱ्यांत तिचा खळगा असतो, आणि दोन्ही एकत्र केले कीं एकानें दुसऱ्यास खाऊन टाकावें असें होतें. तीच गत १५०० ची, २५०० ची आणि पुढें. मधल्या १०००, २००० वर मात्र उलट भर पडते. आलेख काढला तर फणीचे दांते दिसतात, म्हणून अभियंत्यांनीं या दोषास फणीचेंच नांव दिलें आहे. कानास तो आवाज पोकळ, नळींतून आल्यासारखा भासतो.

ज्या विद्यार्थ्यांस हें कागदावर पटत नसेल त्यांनीं एक प्रयोग करावा. कठीण पुठ्ठ्याचें पुस्तक तोंडासमोर धरून ‘श्श्श’ असा एकसारखा आवाज करावा व पुस्तक हळूहळू जवळ-दूर न्यावें. आवाजाचा रंग वरखालीं सरकतांना स्पष्ट ऐकूं येतो. तोंडांतून सरळ कानाकडे येणारा व पुस्तकावर आपटून येणारा, अशा एकाच आवाजाच्या दोन प्रती एकमेकींशीं भांडत आहेत. गुळगुळीत फरशीवर किंवा टेबलावर उभा केलेला मायक्रोफोन हेंच भांडण ऐकतो. खालीं जाड सतरंजी अंथरली तर तार स्वरांपुरतें तें मिटतें. दुसरा उपाय वरवर पाहतां उफराटा आहे: मायक्रोफोन फरशीला टेकवूनच ठेवावा. मग सरळ आलेला व फरशीवरून उलटलेला आवाज एकदमच पोहोंचतात व भांडणाचें कारणच उरत नाहीं. मात्र तेथें पावलांचे ठोके ऐकूं येतात. गाणारा पायानें ताल धरीत असेल तर हा उपाय सोडून द्यावा.

अनेक मायक्रोफोन ठेवणें भागच असेल तर ध्वनिमुद्रकांचा एक साधा नियम आहे. मायक्रोफोन आपल्या वाद्यापासून जितका दूर असेल त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांमध्यें असावें. म्हणजे परका आवाज साडेनऊ डेसिबलच्या आसपास खालीं राहतो व फणीचे दांते बोथट होतात. आपल्या बैठकींत हा नियम पाळणें अवघड जातें, कारण कलावंत एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात आणि तसे बसल्याशिवाय त्यांचें गाणें रंगत नाहीं. म्हणून मायक्रोफोन कमी करणें हाच त्यांतल्या त्यांत शहाणपणाचा मार्ग.

वाद्यांविषयीं थोडें सांगतों. तबल्याच्या जोडींत दोन भिन्न स्वभाव एकत्र नांदतात: उजवा स्वरांत मिळविलेला व टणटणीत, डावा खर्जाचा व घुमणारा. पुडीपासून चार बोटांवर मायक्रोफोन ठेवला तर तो ज्या जागेवर रोंखला तेथलाच आवाज वरचढ होतो. चाटेवर रोंखला तर टणत्कार, शाईवर रोंखला तर घुमारा. दोन मायक्रोफोन असे ठेविल्यास डग्गा व तबला निरनिराळे कमीजास्त करतां येतात व गर्दीच्या मंडपांत तोच उपाय चालतो. परंतु ऐकणारा कधींच तबल्यांत डोकें घालून बसत नाहीं, त्यामुळें तो आवाज ओळखीचा वाटत नाहीं. शांत खोलींत दोहोंच्या मध्यें, हातभर उंचीवर, एकच मायक्रोफोन तिरपा धरला तर बोल जुळून येतात. तंबोऱ्याचें असें कीं, घोडीजवळ जवारीचा झणत्कार, भोपळ्याजवळ नुसता गुंजारव. थोडें दूर सरल्यावर दोन्ही मिळून तंबोरा होतो. पेटी वाजविणाऱ्याच्या समोरच्या बाजूस भाता असतो, हें पुष्कळजण विसरतात व मायक्रोफोन नेमका तेथेंच आणून ठेवतात. मग सुरांबरोबर भात्याचा सुस्काराही मुद्रित होतो. तो थोडा उंच धरून वरून पेटीकडे रोंखावा.

आतां त्या आठाच्या आंकड्याची कथा. ॲलन ब्लुमलाइन हा इंग्रज अभियंता आपल्या पत्नीसह बोलपट पाहावयास गेला असतां, नट पडद्याच्या एका बाजूस आणि त्याचा आवाज भलत्याच बाजूस, हें त्याला फार खटकलें असें सांगतात. १४ डिसेंबर १९३१ रोजीं त्यानें दोन वाटांनीं ध्वनि मुद्रित करण्याच्या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. आज ज्यास आपण स्टिरिओ म्हणतों त्याचा हा एक पाया. आठाच्या आकृतीचे दोन मायक्रोफोन एकाच जागीं, एकावर एक, परस्परांशीं काटकोन करून ठेवावयाचे. एक डावीकडे पाहणारा, दुसरा उजवीकडे. १९३४ च्या जानेवारींत लंडनच्या ॲबे रोड येथें सर टॉमस बीचम हे मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम घेत असतां या पद्धतीनें मुद्रण करण्यांत आलें. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेनें याहून निराळा मार्ग धरला होता. २७ एप्रिल १९३३ रोजीं फिलाडेल्फियांतील वाद्यवृंदाचें वादन तीन मायक्रोफोन व तीन तारांमार्फत वॉशिंग्टनच्या सभागृहांत ऐकविलें. ब्लुमलाइनला मात्र आपल्या शोधाचा प्रसार पाहण्यास मिळाला नाहीं. ७ जून १९४२ रोजीं, रडारची चांचणी घेत असतां विमान कोसळून तो मरण पावला. त्याचें वय तेव्हां अवघें ३८ होतें.

दोन्ही मायक्रोफोन एकाच बिंदूंत असल्यामुळें आवाज दोहोंकडे एकदमच पोहोंचतो. फरक राहतो तो केवळ जोराचा. म्हणून डावा-उजवा मिळवून एकाच कर्ण्यांतून ऐकला तरी फणी उत्पन्न होत नाहीं, आणि वाद्यांच्या जागा रेखीव दिसतात, दिसतात म्हणजे ऐकूं येतात. दोष इतकाच कीं, आठाची मागली बाजूही तितकीच तीक्ष्ण असल्यामुळें सभागृह चांगलें लागतें. मागें खोकणारे श्रोते असले तर तेही रेखीव ऐकूं येतात. आठाच्या जागीं हृदयाकृति जोडी वापरली तर हा दोष जातो. थोडी व्याप्तिही जाते.

याच्या उलट पद्धति म्हणजे दोन सर्वदिशी मायक्रोफोन एकमेकांपासून दूर ठेवण्याची. येथें दिशा कळते ती मुख्यतः वेळेच्या फरकावरून. खर्ज भरदार, सभागृहाचा विस्तार सुखद. डोळे मिटले तर छत उंच झाल्यासारखें वाटतें. परंतु अंतर फार वाढविलें तर मधोमध पोकळी पडते, मधला गायक दोन्हीकडे ओढला जातो, आणि एकाच कर्ण्यांतून ऐकतांना तीच फणी पुन्हां उभी राहते. फ्रेंच नभोवाणीनें मधला मार्ग काढला: हृदयाकृति दोन मायक्रोफोन, मध्यें १७ सेंटिमीटर अंतर, तोंडें ११० अंशांनीं फांकलेलीं. अंतर माणसाच्या दोन कानांइतकेंच आहे हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. वेळ आणि जोर दोन्ही थोडथोडे साह्यास येतात. ज्यास एकच पद्धति शिकावयाची आहे त्यानें ही शिकावी असें आम्ही सुचवूं.

पोकळी भरून काढण्याचा भव्य उपाय डेक्का कंपनीच्या अभियंत्यांनीं १९५४ च्या सुमारास योजिला. बाजूचे दोन सर्वदिशी मायक्रोफोन सुमारें दोन मीटर अंतरावर, तिसरा मध्यें व दीडएक मीटर पुढें. असा त्रिकोण वाद्यवृंदाच्या संचालकाच्या डोक्यावर उंच टांगावयाचा. व्हिएन्नाच्या सोफिएनझाल सभागृहांत १९५८ ते १९६५ या काळांत याच कंपनीनें वाग्नरच्या चार संगीतिका मुद्रित केल्या, त्या आजही वाखाणल्या जातात. पण तीन उत्तम मायक्रोफोन, उंच खांब व मोठें सभागृह ज्यापाशीं आहे त्यानेंच या वाटेस जावें. चौघांच्या बैठकीसाठीं हा खटाटोप घागरभर पाण्यासाठीं धरण बांधण्यासारखा आहे. त्याच युगांत, १९५१ सालीं, अमेरिकेंतील मर्क्युरी कंपनीनें शिकागोच्या अख्ख्या वाद्यवृंदावर एकच मायक्रोफोन टांगून मुसोर्ग्स्कीची रचना मुद्रित केली व त्या एकाच मायक्रोफोनच्या जोरावर नांव कमाविलें. जागा बरोबर साधली तर एकही पुरतो.

शाळेच्या प्रार्थनेचें मुद्रण करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस येथें पायथागोरस उपयोगी पडतो. मुलें तीन ओळींत उभीं आहेत. पुढली ओळ मायक्रोफोनपासून एक मीटर, मागली तीन मीटर. मायक्रोफोन तोंडांच्याच उंचीवर असेल तर मागलीं मुलें तिप्पट दूर पडतात, म्हणजे साडेनऊ डेसिबलनें मागें. तोच दोन मीटर वर चढविला तर पुढल्या ओळीचें अंतर पांचाचें वर्गमूळ, सुमारें २.२ मीटर, मागल्या ओळीचें तेराचें वर्गमूळ, सुमारें ३.६ मीटर. फरक चार डेसिबलांवर येतो. पुढल्या ओळींतील एकाच मुलाचा आवाज सर्वांवर तरंगत राहण्याचें संकट यानें टळतें, आणि तें मूल आपलेंच असेल तर पालकांची थोडी निराशा होते.

शेवटीं ज्या मुद्रणाची आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते त्याकडे वळूं. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं खेडोपाडींच्या बायांच्या जात्यावरील ओव्या वर्षानुवर्षें गोळा केल्या; त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि कित्येक ओव्यांचें ध्वनिमुद्रणही झालेलें आहे. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें त्या आतां सर्वांस खुल्या केल्या आहेत. पण ज्यांच्या आजीची ओवी त्या संग्रहांत नाहीं अशीं घरें पुष्कळ असतील, आणि तेथें हें काम नातवंडांनाच करावें लागेल.

जात्यावरची ओवी मुद्रित करणें वाटतें तितकें सोपें नाहीं. जात्याची घरघर खर्जांतली, अखंड, आणि तोंडाहून मायक्रोफोनला पुष्कळदां जवळची. जातें थांबवून नुसती ओवी म्हणावयास सांगावें, तर जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाहीं हें म्हणीवरूनच प्रसिद्ध आहे. शिवाय दळणारी बाई पुढेंमागें झुकत असते, म्हणजे अंतर क्षणोक्षणीं बदलतें. पदरास लावावयाचा चिमुकला मायक्रोफोन मिळाला तर अंतर स्थिर राहतें. पण तेथें हनुवटीची सावली पडून स, श, च हीं अक्षरें मंद होतात, कपडा घांसल्याची खसखस येते आणि कांकणें वाजतात. तो छातीवर मधोमध, पदराच्या वरच्या कांठाशीं, कपडा घांसणार नाहीं असा लावावा. हृदयाकृति मायक्रोफोन असेल तर तो आजीच्या तोंडाहून किंचित् उंचावर, हातभर अंतरावर, तोंडाकडे खालीं रोंखावा व त्याची पाठ जात्यापासून जितकी फिरवितां येईल तितकी फिरवावी. जातें पुरतें नाहींसें होणार नाहीं. तें व्हावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. शब्द समजावा व मागें जातें फिरत असावें, एवढें साधलें म्हणजे पुरे.

हातीं केवळ फोनच असला तर त्याचा मायक्रोफोन बहुधा खालच्या कांठास असतो. तो कांठ आजीकडे करावा व त्यावर बोट ठेवूं नये. फोन दगडी जमिनीवर ठेवूं नये, नाहीं तर जात्याचा हादरा जमिनींतूनच त्यांत शिरतो. घडी घातलेल्या गोधडीवर किंवा दुसऱ्याच्या हातीं असावा. उघड्यावर वारा असेल तर पातळ, सच्छिद्र कापड दोन पदरी गुंडाळावें. आवाजाची पातळी आपोआप सांवरण्याची सोय यंत्रांत असते, ती बंद करतां येत असल्यास बंद करावी. नाहीं तर दोन ओव्यांमधल्या विसांव्यांत यंत्र जात्याची घरघरच फुगवून ठेवतें. पहिली ओवी झाल्यावर थांबून ती कानांत यंत्र घालून ऐकावी, आणि शब्द अस्पष्ट वाटला तर यंत्राचें बटण न पिळतां फोन हातभर जवळ न्यावा. सारें संपल्यावर आजी उठण्यापूर्वीं अर्धा मिनिट नुसत्या जात्याचें, व अर्धा मिनिट निःशब्द घराचें मुद्रण वेगळें घेऊन ठेवावें. पुढें कोठें तुकडे जोडावयाचे झाले तर तेंच घर, तेंच जातें सांध्यांत भरावयास उपयोगीं पडतें.